दराब्याचा हात

बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या तोंडाशी काशिनाथचं दराब्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याला पोट आत ओढून उभं राहावं लागतं. पाटी मात्र दुकानापेक्षा मोठी. तिच्यावर लाल अक्षरांत 'हाताने फेटलेला दराबा' असं लिहिलेलं आणि खाली एक हात रंगवलेला, पाचही बोटं उघडी. पेंटरनं तो असा काही रंगवला होता की नवखा माणूस सायकलचा ब्रेकच दाबायचा.

हा हात काशिनाथचा. म्हणजे रंगवताना पेंटरसमोर हात धरून दोन तास तोच बसला होता. त्याआधी त्या जागी त्याच्या बापाचा हात होता, त्याच्याआधी आजाचा. पाटी तीच, हात तेवढा बदलायचा.

दराब्याचं काम दिसायला सोपं. रवा तुपात भाजायचा, गार करायचा, पिठीसाखर मिसळायची, आणि मग परातीत तूप घालून तळव्यानं फेटत बसायचं. तासभर फेटलं की हात म्हणतो पुरे. पुरे म्हणणाऱ्याचा दराबा कधी होत नाही. दोन तासांनी तो फुगायला लागतो, पांढरा पडतो, कापसासारखा हलका होतो. मग वाटीभर पाण्यात चिमूट टाकून बघायची. तरंगली तर झाला, बुडाली तर पुन्हा बाह्या वर.

काशिनाथ वयाच्या अठराव्या वर्षापासून फेटत होता आणि आता चोपन्नाचा झाला होता. उजव्या हाताला तो दागिन्यासारखा जपायचा. त्या हातानं पाण्याची बादली उचलायची नाही, स्कूटरला किक मारताना त्या हातावर भार द्यायचा नाही. पोरगा तुषार लहानपणी लई व्रात्य होता, त्याला ठोकायची वेळ यायची, तेव्हाही काशिनाथनं डावाच हात वापरला. तुषार आता नेपानगरला कागद कारखान्यात लागला आहे आणि अजून सांगतो, "पप्पांचा डावा हात कोणी खाल्ला नाही, म्हणून दराब्याचं कौतुक करतात."

तर असा तो हात श्रावणातल्या एका सोमवारी बंद पडला.

सकाळी अंघोळीला म्हणून काशिनाथ बनियन काढायला गेला. डावा हात बाहेर आला, डोकं अर्धं आत शिरलं, आणि उजवा हात खांद्याशी जो अडकला तो अडकला. वर जाईना, खाली येईना.

"मंगलाऽऽ!"

मंगला, त्याची बायको, चुलीवरचा तवा सोडून आली. न्हाणीच्या दारात एक बिनमुंडक्याचा माणूस उभा.

"काय झालं?"

"अंधार झाला."

"हात वर करा ना मंग."

"वर गेला असता तर तुले हाक मारली असती का?"

मंगलानं ओढून पाहिलं. काशिनाथ असा बोंबलला की शेजारचा कुत्रा उठून गेला. मग तिनं कात्री आणली.

"कापू नको! परवा घेतलं ते!"

"मंग राहा त्याच्यात. गिऱ्हाईक पाहाले दोन डोळ्याचे छेद पाडून देते."

बनियन कापलं. काशिनाथ बाहेर आला. हात खांद्यातून असा लटकत होता जसा भाड्यानं आणलेला. कोपरापासून पुढं सगळं चालत होतं, बोटं हलत होती, मूठ वळत होती. पण खांद्यातून हात पोटाच्या वर न्यायचं नाव घेतलं की डोळ्यांपुढं दिवे. आणि फेटायचं म्हणजे खांदा लागतो. मनगटानं फक्त चहात साखर ढवळता येते.

"दवाखान्यात चला."

"काही नाही झालं. कुशीवर झोपलो असीन. आणि हे पाह्य, कोणाले सांगू नको. काशिनाथचा हात गेला म्हटल्यावर कोन घेईल दराबा?"

इथंच सगळी गोम होती. दुकानात विकायला होता तो हातच. दराबा काय, रवा-साखर-तूप, कोणीही आणेल. गावात लोक म्हणायचे, दराबा खावा तर काशिनाथच्या हातचा. हात गेला असं कळलं तर पाटीवर काय रंगवायचं, खांदा? आणि नवरात्र दोन महिन्यांवर आलेलं. तापीकाठी बालाजीची जत्रा भरते तेव्हा काशिनाथच्या वर्षाचा निम्मा माल दहा-बारा दिवसांत जातो. ते दहा दिवस हुकले म्हणजे वर्ष हुकलं.

तर त्यानं लपवायचं ठरवलं. फेटायचं काम भट्टीवरच्या गोटूकडं दिलं. गोटू साठीचा माणूस, काशिनाथच्या बापाच्या वेळचा. रवा भाजण्यात त्याच्यासारखा कोणी नाही, पण तळव्याला घाम असा सुटतो की परातीत पाऊस पडल्यासारखं. त्याचा दराबा ओलसर व्हायचा. "चालते," म्हणून काशिनाथ तो विकायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न बघता रस्त्याकडं बघायचा.

पण खरी पंचाईत वेगळीच झाली. दुकानाची काच छातीपर्यंत उंच. दराबा द्यायचा तर हात काचेवरून पलीकडं न्यावा लागतो. उजवा तर जाईना. मग काशिनाथ डाव्या हातानं द्यायला लागला.

आता कपडा डाव्या हातानं द्या, खिळे द्या, कोणी विचारत नाही. पण गोड, तेही देवापुढं ठेवायला नेलेलं, डाव्या हातानं? पहिल्या दिवशी एक म्हातारी पुडा घेता घेता थबकली. तिनं आधी पुड्याकडं पाहिलं, मग काशिनाथकडं. म्हणाली, "राहू दे बाबा, नंतर येते." ती नंतर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी लालबागच्या स्टेशनावर रेल्वे पकडायला निघालेला एक जण म्हणाला, "भैया, सीधे हाथ से दो ना, मन्नत का है." काशिनाथ म्हणाला, "दोनों हाथ भगवान के दिए हैं." गाडीची वेळ होती म्हणून त्यानं घेतला, पण जाताना पुडा डोक्यावरून ओवाळून काय पुटपुटला देव जाणे.

त्यात राम रामाची भानगड. काशिनाथची सवय, ओळखीचा माणूस दिसला की उजवा हात कपाळाला लावून राम राम. आता हात पोटापर्यंतच येऊन थांबायचा. बघणाऱ्याला वाटायचं हा पोट खाजवू राह्यला. लोक बोलायला लागले, काशिनाथले लई माज आला. पोरगा कारखान्यात लागला ना.

भादव्यात शाहपूरचे कौतिक अप्पा आले. सत्तरीचे, केळीचे मोठे बागाईतदार, डोक्यावर टोपी, मिशीला पीळ. नवरात्राला बागेतल्या मजुरांना, सोयऱ्याधायऱ्यांना सगळ्यांना दराबा ते काशिनाथच्या दुकानातून नेत, चाळीस वर्षांपासून. अप्पांनी घेतला की शाहपूर घेतं, शाहपूरनं घेतला की आजूबाजूची चार गावं. दरवर्षी भादव्यात येऊन चमचाभर चाखून जायचं आणि घटस्थापनेला ऑर्डर द्यायची, असा त्यांचा रिवाज.

अप्पांनी राम राम घातला. काशिनाथनं पोटाला हात लावला. अप्पांच्या मिशा हलल्या. मग काशिनाथनं चमच्यात दराबा घेतला आणि डाव्या हातानं पुढं केला.

अप्पा चमच्याकडं बघत राहिले. "काशिनाथ, माझा कोणी मेला का?"

"नाही अप्पा."

"तुझा?"

"नाही."

"मंग हा डावा हात कशाचा?"

काशिनाथच्या तोंडावर खरं आलं होतं. पण दुकानात आणखी तिघं उभे होते. तो म्हणाला, "चव हाताले नसती अप्पा, दराब्याले असती."

छत्तीस वर्षं हातावर धंदा करणारा माणूस हे बोलला. आत रवा भाजणाऱ्या गोटूनं झारा खाली ठेवला. अप्पा टोपी नीट करून निघून गेले, चमचा तसाच.

त्या दिवशी संध्याकाळी मंगलानं ताटात भाकरी वाढली आणि एवढंच म्हणाली, "उद्या दवाखाना."

"उद्या खकनारला जातो. तिथं एक माणूस हाय, हाडं बसवते."

खकनारच्या माणसानं काशिनाथला ओट्यावर पालथं घातलं, काखेत गुडघा रोवला आणि हात असा ओढला जसा विहिरीतून बैल काढू राह्यला. "बसला," तो म्हणाला. काशिनाथ परतीच्या बसमध्ये दांडा न धरता उभा राहिला, कारण धरायला एकही हात नव्हता. डावा हात उजव्याला धरून होता. घरी आला तेव्हा पोटापर्यंत येणारा हात कंबरेपर्यंतच यायला लागला होता.

मग मात्र मंगलानं त्याला बसस्टँडजवळच्या डॉक्टर रोहिणीकडं नेलं. पोरगी राजपुऱ्यातलीच, लहानपणी काशिनाथच्या दुकानाच्या पायरीवर बसून दराबा खायची. तिनं खांदा हलवून पाहिला, दोन-चार प्रश्न विचारले आणि रक्त काढलं.

"खांदा दाखवाले आलो व बाई, रक्त काबरं काढलं?"

"बसा काका, कळेल."

तासाभरानं कागद आला. रोहिणीनं चष्मा वर केला. "काका, उपाशीपोटी दोनशे ऐंशी शुगर आहे. शुगरवाल्यांचा खांदा असा जाम होतो कधी कधी. हाडाला काही झालं नाही. गोळ्या देते, व्यायाम देते, पण साल-डेढ साल लागतील. और मीठा बिलकुल बंद. रोज किती गोड खाता?"

"मी? गोड?" काशिनाथला खरंच हसू आलं. "मी शिवत नाही. विचार हिले. लग्नाचे लाडू पण मी पत्रावळीवरून उचलून दुसऱ्याले देतो. रोज पाहून पाहून मन विटलं."

मंगला छताकडं बघत होती. छताला एक पाल होती, ती पण तिच्याकडं बघत होती.

"चहात साखर?"

"नाही."

"काका, मग एवढी आली कुठून?"

"हवेतून," काशिनाथ म्हणाला. "दिवसभर पिठीसाखर उडते दुकानात. नाकातून जात असीन."

डॉक्टरनं त्याला एक व्यायाम दाखवला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीला टेकवायची आणि मुंगी चढते तशी एकेक बोट वर चढवत न्यायची. दुखेल तिथं थांबायचं, खूण करायची, उद्या खुणेच्या वर जायचं.

दुसऱ्या दिवसापासून मंगला दुकानात येऊन बसली. म्हणाली, मदतीला. सोबत स्टीलचा एक डबा आणला होता, झाकणाचा. तो मांडीवर ठेवून ती कोपऱ्यात बसली. काशिनाथला वाटलं मसाल्याचा असेल.

सकाळची परात तयार झाली. काशिनाथनं चमचा भरला, तोंडात टाकला, डोळे मिटले. "साखर बरोबर." मंगलानं उठून परातीतून तसाच एक चमचा भरला आणि डब्यात टाकला. थोड्या वेळानं काशिनाथनं परातीची दुसरी बाजू चाखली. डब्यात दुसरा चमचा. गिऱ्हाइकानं विचारलं, ताजा आहे का? काशिनाथनं आधी स्वतः तोंडात टाकला, मग त्याला दिला. डब्यात तिसरा. दुपारी गोटूनं दुसरी परात काढली. मग तूप नवीन डब्यातलं होतं म्हणून. मग कालचा उरलेला उतरला की काय ते बघायला. मग एक ओळखीचा आला, त्याच्यासोबत. काशिनाथला पत्ताच नव्हता. हात आपोआप चमच्याकडं जायचा, जसा दुसऱ्या एखाद्याचा तंबाखूच्या डबीकडं जातो. डावा हात, पण जायचा.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मंगलानं भाजी-भाकरी वाढलीच नाही. ताटाच्या मधोमध तो डबा ठेवला आणि झाकण काढलं. डबा गच्च भरलेला.

"खा."

"एवढा? मी काय राक्षस हाय?"

"हे तुम्ही आज खाल्लं. चमच्याले चमचा टाकला मी. एक बी जास्त नाही."

"मी कुठी खाल्लं? मी चाखलं."

"चाखून गेलं कुठी?"

"चाखणं येगळं, खाणं येगळं. चाखणं म्हणजे काम हाय. धंद्याचं काम. खाणं म्हणजे माणूस बसतो, ताट घेतो, पाणी पितो..." बोलता बोलता तो डब्याकडं बघत होता आणि आवाज बारीक होत चालला होता. घरात त्याच्या आजापासून हेच चाललं होतं. चाखलेलं पोटात धरायचं नाही. आजा बासष्टव्या वर्षी पाय सडून गेला, बाप डोळे जाऊन गेला, आणि दोघांच्याही बाबतीत घरात हेच सांगत की बिचाऱ्यानं आयुष्यात गोड खाल्लं नाही.

मग काशिनाथला एकदम काही आठवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मंगला, मंग माह्या एकादश्या?"

"काय एकादश्या?"

"तीस वर्सं करतो मी. निर्जळी नाही, पण... दुकानात तर चाखत होतो ना त्या दिवशी बी."

मंगलानं झाकण लावलं. "गेल्या."

शुगरचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. एकादश्यांच्या धक्क्यानं मात्र तो दोन दिवस अन्नाला नीट शिवला नाही, आणि त्यानं साखर थोडी उतरली.

चाखायचं बंद झालं. चमचा मंगलानं कमरेला खोचला. पण फेटायचं काय? तुषारनं नेपानगरहून फोनवर उपाय काढला. "पप्पा, मशीन घ्या ना यार. आटा गूंथते तशी. मी पाठवतो, टेंशन लेना मत." आणि त्यानं खरंच पाठवली. मशीन आली, दुकानात मावेना, म्हणून अर्धी दारात ठेवली. चालू केली तर आवाज असा, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. पंधरा मिनिटांत दराबा तयार म्हणून तुषारनं सांगितलं होतं. पंधरा मिनिटांत भांडं गरम झालं, तूप वितळलं, आणि परातीत ओतलं तर घळघळ वाहिलं. चिमूट पाण्यात टाकली. ती बुडाली नाही, सरळ तळाला जाऊन बसली आणि वर बघायला लागली.

"मालक," गोटू म्हणाला, "हा तर शिरा झाला."

काशिनाथला मनातून उकळ्या फुटत होत्या. शेवटी मशीन ती मशीन! हाताची सर तिला यायची नाही! असं वाटता वाटता त्यानं हात उगारायला घेतला आणि कंबरेपाशीच किंचाळला. मग आनंद आपोआप ओसरला. तो शिरा गोटूच्या घरी आठवडाभर चालला. मशीनवर आता मंगला लोणच्याच्या बरण्या वाळत घालते.

घटस्थापनेला बारा दिवस उरले तेव्हा मंगला परातीसमोर बसली.

"तू काय करू राह्यली?"

"फेटते."

"येडी झाली का? आमच्या घरात बाई परातीले हात लावत नाही. बाबा सांगायचे, बांगड्या वाजल्या की दराबा बिथरतो."

"बिथरतो? दराबा हाय का रेडा?" मंगलानं दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि जुन्या साडीची चिंधी वरून गच्च बांधली. "घ्या. झोपल्या बांगड्या. आता नाही उठत."

गोटू हसला आणि काशिनाथकडं बघून लगेच खोकला.

मंगला फेटायला लागली. काशिनाथ समोर स्टुलावर बसला. त्याला गप्प बसवेना. "तळवा सपाट. सपाट म्हटलं ना! बोटं नको घालू. आतून बाहेर. आता बाहेरून आत. अंगठा वर ठेव..."

"तुमच्या तोंडाचा बी खांदा जाम झाला असता तर बरं होतं. तीस वर्सं हेच ऐकू राह्यली मी. झोपेत बी फेटता तुम्ही, माह्या पाठीवर. मले सगळं पाठ हाय."

पहिली परात बुडाली. दुसरी बुडाली. तिसऱ्या दिवशी चिमूट पाण्याच्या मधोमध अडकली, ना वर ना खाली, आणि तिघंही वाटीवर वाकून श्वास धरून उभे राहिले. मग ती हळूच खाली गेली. काशिनाथ म्हणाला, "अंगठा." चौथ्या दिवशी मंगलाचा अंगठा वर होता. पाचव्या दिवशी चिमूट तरंगली. गोटूनं वाटी हलवली, तरी तरंगली. त्यानं फुंकर मारली, तर होडीसारखी पलीकडच्या काठाला जाऊन लागली.

काशिनाथ वाटीकडं बघत म्हणाला, "रवा चांगला भाजला गोटूनं."

इकडं त्याची मुंगी भिंत चढत होती. दुकानाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा वाढत चालल्या होत्या. घटस्थापनेपर्यंत त्याचा हात जेमतेम बरगडीपर्यंत पोचला. काच अजून वीतभर उंच. उजव्या हातानं देणं जमेना आणि डाव्या हातानं आता कोणी घेईना. यावर मंगलानं साखरेचं रिकामं लाकडी खोकं आणून काचेमागं पालथं घातलं.

"चढा याच्यावर."

काशिनाथ चढला. तो वर गेला तशी काच खाली गेली, आणि हात न उचलता पलीकडं पोचला. डोकं मात्र पंख्याजवळ. पंखा चालू करायची सोय राहिली नाही.

घटस्थापनेच्या सकाळी जत्रेची माणसं यायला लागली आणि त्यांच्यात कौतिक अप्पा. ते येतील असं काशिनाथला वाटलं नव्हतं. पण चाळीस वर्षांचे पाय, दुसऱ्या दुकानाकडं वळत नाहीत. अप्पांनी राम राम घातला नाही. नुसते उभे राहिले आणि मान वर करून बघायला लागले.

"उंच काबरं झाला रे?"

"जरा... पाय मोकळे करू राह्यलो."

"दे चाखायले."

काशिनाथनं उजव्या हातानं चमचा पुढं केला. काचेवरून अलगद पलीकडं. अप्पांनी बघितलं, हात उजवा होता. मिशा जरा खाली आल्या. चमचा त्यांनी घेतला, पण तोंडाशी नेऊन थांबले.

"एक सांग. गावात लोक बोलू राह्यले, काशिनाथ आता मशीनवर करते म्हणून. दारात मशीन पाहिली लोकांनी. मी माणसाचा हात पाहून माल घेतो, हे तुले माहीत हाय. हा हात तुझाच ना? तू हो म्हण, मी दरसालचा माल सांगतो आणि जातो."

दुकानात सहा-सात जण दाटीवाटीनं उभे होते. मागच्या पडद्याआड परातीवरचा मंगलाचा हात थांबला. फेटण्याचा आवाज बंद झाला तो काशिनाथला पाठीमागं ऐकू आला. एक 'हो' म्हटलं की शाहपूर आलं, शाहपूरमागं चार गावं आली, वर्ष निघालं. पाटी पण तशीच राहते. आणि पडद्यामागं बसलेली जी आहे, ती उद्या परातीवर बसेल की नाही, याची काही खात्री नाही.

काशिनाथ खोक्यावरून खाली उतरला. डोकं पंख्यापासून काचेच्या मागं आलं.

"नाही अप्पा. हात माझा नाही. माझा श्रावणातच जाम झाला, शुगरनं. हे पाहा, एवढाच होते वर." त्यानं करून दाखवलं. हात बरगडीशी येऊन थांबला. "त्या दिवशी डाव्या हातानं दिलं ते यामुळं. माज नव्हता. आणि मशीन बी नाही. ती लोणच्याले हाय. हे माह्या बायकोनं फेटलं. घ्यायचं तर घ्या."

पडदा हलला आणि मंगला बाहेर आली, चिंध्या बांधलेले हात कोपरापर्यंत पांढरे. ती अप्पांच्या तोंडाकडं बघायला लागली. काशिनाथ पण.

अप्पांनी चमचा तोंडात टाकला. डोळे मिटले. जीभ टाळूला लावली. गिळलं. पुन्हा मिशीवरचं चाटलं. सगळं दुकान त्यांच्या घशाकडं बघत होतं.

"तसाच हाय," अप्पा म्हणाले.

"तसाच म्हणजे?" काशिनाथ म्हणाला.

"म्हणजे दरसालसारखा. काही फरक नाही."

काशिनाथ आणि मंगलानं एकमेकांकडं पाहिलं. दोघांचे चेहरे एकसारखे उतरले होते. छत्तीस वर्षं ज्या हाताला दागिन्यासारखं जपलं, पोराला मारलं नाही, बादली उचलली नाही, त्या हातात आणि बारा दिवसांच्या हातात फरक नाही? आणि मंगलाला वाटत होतं की अप्पा निदान एवढं तरी म्हणतील, यंदा जास्त हलका झाला.

"नीट चाखा ना अप्पा," काशिनाथ म्हणाला. "काहीतरी फरक असीन."

"थोडा जास्त हलका नाही वाटत?" मंगला म्हणाली.

अप्पांनी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. "तसाच," ते म्हणाले. "दरसालचा माल पाठवा शाहपूरले. पण तुह्या शुगरचं ऐकून वाईट वाटलं रे काशिनाथ. मले बी हाय म्हणते डॉक्टर, तीन वर्सं झाली. कुठून आली समजत नाही. मी तर गोड खातच नाही. चाखतो फक्त."

मंगलानं कोपऱ्यातला स्टीलचा डबा उचलला आणि अप्पांच्या पिशवीत टाकला. "घरी काकूले द्या. कशासाठी ते मी फोनवर सांगते."

जत्रेचे दिवस खोक्यावर उभं राहूनच गेले. शाहपूरचा माल गेला, त्यामागं बाकीची गावं आली. काही जण तर नुसतं बघायला आले की काशिनाथची बायको बांगड्या बांधून कशी फेटते, आणि बघायला आलेल्याला रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. पाटी अजून तशीच आहे. पेंटरला बोलावलं होतं. त्यानं विचारलं, बाईचा हात काढू का, चिंधीसकट? काशिनाथ म्हणाला, जत्रेनंतर बघू. जत्रेनंतर म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान शांत होतं. परातीत शेवटचा थोडा दराबा उरला होता. मुंगी त्या दिवशी काचेच्या उंचीच्या वर एक बोट गेली होती. काशिनाथ रेघेकडं बघून खूश होता.

"मंगला."

"काय?"

"नव्वद दिवस झाले, मी चाखलं नाही."

"पस्तीस झाले."

"पस्तीस तर पस्तीस. शुगर बी उतरली. एक चमचा दे. तुह्या हातचा मी अजून चाखलाच नाही. कौतिक अप्पाच्या जिभेवर माहा भरोसा नाही. तो केळीवाला माणूस."

मंगलानं कमरेचा चमचा काढला, अर्धा भरला, त्यातलाही थोडा परत टाकला, आणि त्याच्या पुढं केला.

काशिनाथनं तो तोंडात घेतला. डोळे मिटले. जीभ फिरवली. गिळायला त्यानं एवढा वेळ लावला की गोटू भट्टीवरून उठून आला. मंगलानं चिंधी सोडायची थांबवली होती.

"काय मंग?" ती म्हणाली. "कसा हाय?"

काशिनाथनं डोळे उघडले. मान एकदा इकडं हलवली, एकदा तिकडं.

"नीट समजलं नाही," तो म्हणाला. "अजून एक दे."

मंगलानं चमचा कमरेला खोचला आणि परातीवर झाकण घातलं.